डोळ्याचा अकीक: विकत घ्यावा की नदीत शोधावा?

जुन्या बाजारात फडक्यावर मांडलेले गुळगुळीत अकीक (ॲगेट, पट्ट्यापट्ट्यांचे शोभेचे दगड) दिसले की पुढे पाऊल पडत नाही. ‘सुलेमानी’ म्हणून मिळणारा काळा-पांढरा डोळा तर फारच देखणा. पण तो बहुधा कारागिराने काढलेला असतो: पट्ट्यांचा दगड घुमटासारखा घासला की वरचा काळा थर बुबुळ होऊन उरतो, भोवती पांढरं कडं. काळा रंगही साखरेच्या पाकात मुरवून, मग सल्फ्युरिक ॲसिडने आणलेला असू शकतो. गुजरातमधल्या खंबातच्या कारागिरीला माझा सलाम, पण हा डोळा दगडाचा स्वतःचा नव्हे.

दगडाचा स्वतःचा डोळा म्हणजे एका बिंदूभोवती अर्धगोलात वाढत गेलेली सिलिकाची कडी. भिंगाखाली ती केसाएवढी बारीक दिसतात आणि क्वचितच एकसारखी असतात. आपलं पुणं दख्खनच्या बेसॉल्टवरच वसलेलं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या या लाव्हाच्या पोकळ्यांत सिलिका साचून अकीक झाले, ते झिजून नदीच्या गोट्यांत येतात. गोटा ओला करून उन्हात धरायचा. कडेने उजेड झिरपला तर पिशवीत. बहुतेक वेळा साधा कॅल्सेडनी, म्हणजे पट्ट्या नसलेला सिलिकाचा दगड, निघतो, डोळा नाहीच.

शिवाय पॉलिश. कठीणपणा मोहसच्या दहापर्यंतच्या मापावर 6.5 ते 7, त्यामुळे टम्बलर (दगड फिरवून गुळगुळीत करणारं यंत्र) तीन-चार आठवडे अखंड घरघरतो. आमच्याकडे तो बाल्कनीत हद्दपार आहे.

भेट द्यायची असेल तर खुशाल विकत घ्या. संग्रहासाठी मात्र मी ओबडधोबड गोटाच उचलेन.