हीट फ्लक्स की पॉवर कॉम्पेन्सेशन: डीएससी घेण्याआधी

डीएससी म्हणजे नमुना तापवताना-निववताना त्यात किती उष्णता जाते-येते ते मोजणारं यंत्र; त्याचे दोन प्रकार, पॉवर कॉम्पेन्सेशन आणि हीट फ्लक्स. पहिल्या नोकरीत सहा वर्षं पॉवर कॉम्पेन्सेशन डीएससीवर बसलो, आता हीट फ्लक्सवर बसतो. दोन्हींची कॅटलॉगं तुम्ही चाळली असतीलच.

तंत्र म्हणून पॉवर कॉम्पेन्सेशन देखणं. १९६०च्या दशकात वॉटसन आणि ओ'नील यांनी काढलेलं. नमुन्याला एक भट्टी, रेफरन्सला, म्हणजे तुलनेच्या रिकाम्या पॅनला (धातूची इवलीशी डबी), दुसरी. दोघींचं तापमान सारखं ठेवायला पॉवरमध्ये किती फरक करावा लागला, तोच मोजायचा. भट्ट्या इवल्याशा, त्यामुळे तापणं-निवणं झटपट. पॉलिप्रॉपिलीन वितळवून, स्फटिक धरायच्या आत १२५ अंशांवर आणणं तिथे सहज जमायचं. हीट फ्लक्समध्ये दोन्ही पॅन एकाच मोठ्या भट्टीत. ती निवेपर्यंत चहा होतो.

तरी मी हीट फ्लक्सकडे फिरलो, तो बेसलाइनपायी, म्हणजे नमुन्यात काही घडत नसताना यंत्र काढतं त्या रेषेपायी. दोन भट्ट्या कितीही जुळ्या म्हटल्या तरी त्यांचं पूर्ण कधी जुळत नाही आणि ते न जुळणं बेसलाइनच्या वाकात उतरतं. इंडियम हा कॅलिब्रेशनचा धातू लावला की सगळं शहाण्यासारखं: वितळणं १५६.६ अंशांना, ग्रॅमला २८.५ जूलच्या आसपास, कॅलिब्रेशनचा कागद स्वच्छ. गोम ग्लास ट्रान्झिशनला (टीजी: काचेसारखं कडक प्लास्टिक मऊ होऊ लागतं ते तापमान) कळते; आलेखावर ते पायरीसारखं दिसतं. बाटलीच्या पेट प्लास्टिकचा टीजी ७५-८० अंशांकडे, आणि अर्धस्फटिकी नमुन्यात ती पायरी आधीच बुटकी. वाकलेल्या रेषेवर ती कुठे सुरू झाली, हे मी एक सांगायचो, साहेब दुसरं. त्यात कोकणातला जुलै. नायट्रोजन चालू असूनही कूलर लावला की दव धरायचं आणि शून्याजवळ एक आगंतुक पीक हजर. एकदा पॅनचं क्रिंप (दाबून बसवलेलं झाकण) सुटलं, नमुना भट्टीत सांडला. जाळून साफ केली, पण त्यानंतर रोज सकाळी रिकामे पॅन टाकून स्लोप जुळवण्यात तास जायचा.

दमट हवेचा त्रास हीट फ्लक्सलाही होतो, नाही असं नाही. पण रेषा बरीच सरळ राहते, आणि टीजीवरून साहेबांशी वाद झाल्याचं आठवत नाही. माझंच यंत्र थकलेलं होतं, असंही असेल. नवी मॉडेलं सुधारली असतील.

स्फटिकीभवनाचा वेग हेच तुमचं काम असेल, तर माझं ऐकू नका. रोजचे टीजी आणि मेल्टिंग काढायचे असतील, तर मी हीट फ्लक्सकडे झुकेन. डेमो शक्यतो पावसाळ्यात मागा. ते इंडियम लावून दाखवतील. तुम्ही खिशात पेटचा तुकडा न्या.