यंदा पोरांना घेऊन कुठं जायचं? जून ते उन्हाळा, कोल्हापुरातल्या घरांसाठी

पालकसभा संपली की दोन-तीन आया हमखास मागं थांबतात. गुणांचं बोलून झालेलं असतं, मग हळूच प्रश्न येतो, "मॅडम, पावनखिंडीला पाठवू का ह्याला? तेरा वर्षांचा आहे." सप्टेंबरात हाच प्रश्न देखाव्यांचा असतो, नंतर दसऱ्याचा, डिसेंबरात गॅदरिंगचा. कोल्हापुरात बारा महिने काहीतरी चालूच असतं. सगळीकडं जायचं म्हटलं तर रविवार पुरत नाहीत, पैसे पुरत नाहीत आणि अभ्यास मागं पडतो.

मी माध्यमिक शाळेत शिकवते. घरात नववीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा आहे, त्यामुळं हा प्रश्न माझ्याही स्वयंपाकघरात रोजचा. एकाच सुमाराला येणारे, एकातून दुसरं निवडायला लावणारे कार्यक्रम इथं समोरासमोर ठेवते. खर्च आणि गर्दी मी बघतेच. पण सगळ्यात आधी बघते की तिथं मुलाच्या हाताला काही काम मिळणार आहे, का नुसतं आपल्या खांद्याआडून बघायचं आहे. लहान मूल बघण्यात रमतं. सातवी-आठवीच्या पुढचं मूल नुसतं बघायला नेलं, की अर्ध्या तासात मोबाइल काढतं.

२६ जून: मिरवणूक की चौकातली फेरी

शाहू जयंतीला शाळा मिरवणूक काढते, मुलं घोषणा देत जातात, दसरा चौकात पुतळ्याला हार पडतो. मुलाचं नाव लेझीम किंवा झांजपथकात असेल तर जरूर पाठवा, तिथं त्याला काम आहे. नुसतं रांगेत चालायचं असेल, तर त्याच दिवशी संध्याकाळी तुम्ही स्वतः त्याला घेऊन दसरा चौकात जा आणि तिथली बोर्डिंगं दाखवा. दिगंबर जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, हाकेच्या अंतरावर. खेड्यातली पोरं शिकायला शहरात आली तर राहणार कुठं, या साध्या अडचणीतून शाहू महाराजांच्या काळात ही वसतिगृहं उभी राहिली. त्यांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा निर्णय घेतला हे मुलं पुस्तकात वाचतात. पण या इमारतींच्या दारात उभं राहून ऐकलेलं वेगळं उतरतं. एक तास लागतो, खर्च काही नाही.

जुलै: पावनखिंड की मसाई पठार

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून इथं जरा थांबते.

जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून भर पावसात पन्हाळ्यावरून निसटले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड, म्हणजे आजची पावनखिंड, अडवून धरली. त्या वाटेनं दर पावसाळ्यात कितीतरी गट मुलांना घेऊन चालतात. पन्हाळ्यावरून निघायचं, म्हाळुंगे, मसाई पठार करत वाटेतल्या एखाद्या वाडीत मुक्काम, दुसऱ्या दिवशी पांढरपाणीवरून खिंडीत. साधारण पन्नास किलोमीटरची चाल, दोन दिवसांची. चिखल गुडघ्यापर्यंत, जळवा, ओढे, आणि धुकं इतकं की पुढचा माणूस दिसत नाही.

माझा भाचा बारा वर्षांचा असताना एका गटाबरोबर गेला होता. गट मोठा होता, पुढं वाटाड्या होता, पण शेवटच्या माणसाच्या मागं चालणारं कुणी नव्हतं. भाच्याचा बूट चिखलात रुतून फाटला आणि तो मागं राहिला. वाडीतल्या एका मावशींनी त्याला दारात बसवून घेतलं, चहा दिला, आणि हा कुठाय म्हणून गटातला माणूस दोन तासांनी परत आला. तो सुखरूप आला, पण ते दोन तास माझी बहीण आजही विसरलेली नाही. म्हणून पैसे भरण्याआधी मी आयोजकांना चार गोष्टी विचारते. सगळ्यात मागं कोण चालणार? मुक्कामाला मुलींची सोय वेगळी आहे का? गाडी कुठल्या कुठल्या गावात येऊन मिळू शकते? ओढ्याला पाणी वाढलं तर थांबायचं हे कोण ठरवणार? यांची उत्तरं फोनवर पटापट आली तर गट अनुभवी समजावा.

मसाई पठार हा याच वाटेवरचा तुकडा. पन्हाळ्याजवळ, एका दिवसात होणारा, जवळपर्यंत गाडी जाणारा. लांबच लांब सपाट माळ, मसाईचं देऊळ, पांडवलेणी. पाऊस ओसरला की गवतात फुलं येतात, त्यामुळं जुलैपेक्षा सप्टेंबरात जास्त सुंदर दिसतं. लहान मूल बरोबर असेल तर हेच.

माझं मत सांगते. तेरा वर्षांच्या वरचं, रोज खेळणारं मूल असेल आणि बरोबर वर्गातला एक तरी मित्र असेल, तर खिंडीलाच पाठवा, आणि आपण जाऊ नका. आई-बाप बरोबर असले की सॅक बापाच्या पाठीवर जाते. सॅक स्वतः भरायची, भिजलेले मोजे स्वतः पिळायचे, दुसऱ्याला पाण्याची बाटली द्यायची, हे सगळं त्यानं एकट्यानं करायचं असतं. त्याखालच्या वयाला मसाई पठार आणि परतताना पन्हाळ्यावर झुणका-भाकर. २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत पन्हाळाही आहे, तेव्हा तीन दरवाजा आणि अंबारखाना घाईत उरकू नका.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. पंचगंगा पात्राबाहेर पडली की कुठलाही बेत रद्द. २०१९ आणि २०२१ चा पूर आपण सगळ्यांनी बघितलाय.

गणपती: देखावे बघायचे की देखाव्यात उभं राहायचं

घरगुती विसर्जन झालं की रात्री देखाव्यांची गर्दी सुरू होते. राजारामपुरीत तांत्रिक देखावे, पेठांतून सजीव. लहान मुलाला तांत्रिक देखावा आवडतो, हलणारी मूर्ती आणि दिवे बघून ते खूश होतं. मोठ्यांसाठी मी सजीव देखाव्याच्या बाजूनं आहे, कारण त्यात गल्लीतलीच पोरं काम करतात. ध्वनिमुद्रित संवादावर ओठ हलवायचे, एका रात्रीत दहा-बारा वेळा तेच नाटुकलं करायचं. माझी वर्गात कधी तोंड न उघडणारी एक विद्यार्थिनी मंडळाच्या देखाव्यात जिजाऊ झाली होती आणि दहा दिवसांत तिच्या उभं राहण्यातच फरक पडला. तालमी जुलैच्या शेवटापासून सुरू होतात, तेव्हा मंडळात आत्ताच विचारून ठेवा.

अनंत चतुर्दशीच्या मुख्य मिरवणुकीबद्दल थोडक्यात. मानाचा तुकाराम माळी तालमीचा गणपती सकाळी निघतो, तेव्हा लहानांना घेऊन जा. पारंपरिक वाद्यं असतात, रस्ता मोकळा असतो. रात्री महाद्वार रोडवर ध्वनियंत्रणांच्या भिंती उभ्या राहिल्या की तिथं लहान मूल नेऊ नये, या मतावर मी ठाम आहे. त्यापेक्षा घरगुती विसर्जनाच्या दिवशी मोठ्या मुलांना निर्माल्य गोळा करणाऱ्या स्वयंसेवकांत पाठवा. पंचगंगेचा घाट असो की इराणी खण, तिथं दिवसभर हात कमी पडतात. संध्याकाळी मूल दमून आणि भुकेलेलं घरी येतं.

नवरात्र: पंचमी, अष्टमी की दसरा

दसऱ्यापर्यंतच्या दहा दिवसांत तीन मोठे प्रसंग, आणि शाळा चालू असताना तिन्ही होत नाहीत.

ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या, म्हणजे टेंबलाईच्या, भेटीला तिच्या टेकडीवर जाते. तिथं कुमारिकेच्या हस्ते कोहळा फुटतो. कथा ऐकण्याजोगी आहे: रुसून शहराबाहेर जाऊन बसलेली मैत्रीण, आणि तिची समजूत काढायला स्वतः चालून गेलेली देवी. पण कोहळा फुटल्यावर त्याचा तुकडा मिळवायला जी झुंबड उडते, ती दहा वर्षांच्या आतल्या मुलांची जागा नव्हे. लहान मुलांना टेंबलाई दाखवायची तर आषाढात न्या. मंगळवारी-शुक्रवारी गल्लीगल्लीतून नदीचं नवं पाणी वाजतगाजत टेकडीवर जातं, पुढं पी-ढबाक वाजत असतं, आणि मुली डोक्यावर कळशी घेऊन चालतात. त्यात सगळ्या गल्लीला काम असतं.

अष्टमीच्या रात्री देवी नगरप्रदक्षिणेला निघते. वाटेवर रांगोळ्या, पायघड्या. रांगोळी काढणाऱ्या मुलीला यासारखी रात्र नाही. आपल्या भागातल्या रांगोळी काढणाऱ्या बायकांमध्ये तिला बसवा. दुसऱ्या दिवशी शाळा असेल तर सकाळ जड जाते, एवढंच.

आणि शाही दसरा. दसरा चौकात देवांच्या तीन पालख्या येतात, छत्रपती जुन्या मेबॅक गाडीतून येतात, सूर्यास्ताच्या वेळी शमीपूजन होतं आणि बंदुकीची सलामी झाली की सोनं लुटायला सगळा चौक धावतो. तिन्हींतून एकच निवडायचं असेल, घरात लहान-मोठी मिळून मुलं असतील आणि आजी-आजोबाही येणार असतील, तर मी दसरा निवडते. मैदान मोठं आहे, सुट्टी आहे, वेळ ठरलेली आहे, आणि सोनं लुटण्यात तिसरीतल्या पोरापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना हात घालता येतो. तासभर आधी पोचा आणि गाडी लांब लावून चालत या. चुकामूक झाली तर कुठल्या खांबाखाली भेटायचं ते घरातूनच ठरवून निघा.

नोव्हेंबर: किरणोत्सव की दीपोत्सव

हे दोन बरेचदा जवळजवळ येतात आणि दोन्हींना सारखंच कौतुक. पण मुलांच्या दृष्टीनं दोन्हींत फार अंतर आहे.

किरणोत्सव ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, परत ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून आत येऊन देवीच्या पायांपासून वर चढत जातात. हा सगळा खेळ काही मिनिटांचा. आकाशात ढग असले किंवा हवेत धूळ असली तर किरणं मध्येच विरतात. मंदिरात तुफान गर्दी, आणि लहान मुलाला माणसांच्या पाठीखेरीज काही दिसत नाही. म्हणून लहानांना नेऊ नका. नववी-दहावीच्या मुलांना मात्र मी याची तयारी घरीच करायला लावते. सूर्य २१-२२ डिसेंबरपर्यंत दक्षिणेकडं सरकत जातो आणि मग परत फिरतो. १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी या तारखा त्या दिवसाच्या अलीकडं-पलीकडं साधारण सारख्याच अंतरावर, एक्केचाळीस-बेचाळीस दिवसांवर आहेत. म्हणून दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर जवळपास त्याच ठिकाणी मावळतो. गच्चीवर एकाच जागी उभं राहून आठवड्यातून एकदा मावळतीची जागा समोरच्या इमारतीच्या आधारानं वहीत काढायला सांगा. फेब्रुवारीत तीच जागा परत आली की मूल स्वतःहून ओरडत खाली येतं. माझी मुलगी आली होती. देवळाच्या वास्तूत हे गणित कुणीतरी बसवलं, याचं आश्चर्य तिला तेव्हा वाटलं. मी आधी चार वेळा सांगितलं तेव्हा वाटलं नव्हतं.

दीपोत्सव त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे पंचगंगेच्या घाटावर. तारीख तिथीप्रमाणं बदलते, पंचांग बघा. पहाटे चारच्या सुमाराला घाटाच्या पायऱ्यांवर हजारो पणत्या, रांगोळ्या, नदीवर धुकं. इथं प्रत्येकाला पणती लावता येते, तेल घालता येतं. तिसरीतल्या माझ्या मुलाला वर्षभरातल्या सगळ्या कार्यक्रमांतून हाच आठवतो. स्वेटर घ्या, सुती कपडे घाला (पणत्या आणि झुळझुळीत ओढणी एकत्र नको), आणि पाण्याकडच्या शेवटच्या पायरीवर लहान मुलाचा हात सोडू नका. उजाडेपर्यंत थांबायला जमत असेल तर विझलेल्या पणत्या गोळा करायला मुलांना लावा.

दोन्हींतून एक असेल तर कुटुंबासाठी दीपोत्सव, बिनशर्त.

डिसेंबर: गॅदरिंग की विज्ञान प्रदर्शन

केशवराव भोसले नाट्यगृहाला ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली, त्या रंगमंचावर गॅदरिंगला नाचलेली आमच्या शाळेची कितीतरी मुलं दुसऱ्या दिवशी रडवेली होऊन आली होती. रंगमंचाची ओढ असलेल्या मुलाला गॅदरिंगपासून अडवू नका, एवढंच सांगते. ज्याला गाण्याच्या दुसऱ्या ओळीत, तिसऱ्या रांगेत नाचायचंय आणि त्यासाठी हजार-दीड हजाराचा भाड्याचा ड्रेस आणायचाय, त्या घरानं मात्र विज्ञान प्रदर्शनाचा विचार करावा. तालुका, जिल्हा, राज्य असे टप्पे असतात. इन्स्पायर मानक या केंद्र सरकारच्या योजनेत कल्पना निवडली गेली तर मॉडेलसाठी दहा हजार रुपये मुलाच्या बँक खात्यावर येतात. कल्पना घरातलीच चालते, उसाचं पाचट, भिजलेल्या भिंती, आजीचा दुखरा गुडघा. नाव शाळेमार्फत जातं, तेव्हा विज्ञानाच्या सरांना पहिल्या सत्रातच भेटा.

आठवीच्या पालकांनी या काळात एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेची तारीख आधी बघावी. कौटुंबिक वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी वर्षाला बारा हजार मिळतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रोज तीन तास नाचाची प्रॅक्टिस असेल, तर त्या वर्षी प्रॅक्टिस सोडा.

हिवाळा ते उन्हाळा: शाहू स्टेडियम की खासबाग

१९१२ साली शाहू महाराजांनी पूर्ण केलेलं खासबाग मैदान एकदा तरी मुलांना दाखवाच. मधला हौदा, चारी बाजूंनी चढत गेलेली बसायची जागा, कुठूनही कुस्ती दिसते. पण मोठी मैदानं रोज होत नाहीत, आणि कुस्ती रंगायला रात्र होते.

शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम मात्र महिनोन्महिने चालतो. पाटाकडील, प्रॅक्टिस, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, पेठांच्या आणि तालमींच्या नावांचे संघ, आणि प्रत्येक घराचा एक संघ ठरलेला. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, त्यामुळं इथल्या मुलांना ते स्वप्न फार लांबचं वाटत नाही. मुलं-मुली दोघांना घेऊन जायचं असेल तर साखळीतला सुरुवातीचा, आठवड्याच्या मधल्या दिवसाचा सामना निवडा. अंतिम सामन्याला आणि कट्टर संघांच्या झुंजीला लहानांना नेऊ नका, समर्थकांत वादावादी होते आणि गर्दी एकदम दारांकडं धावते. सामना सुटला की दहा मिनिटं जागेवरच बसून राहा. तेवढ्या वेळात मुलं प्रत्येक गोल पायरीवर उभी राहून पुन्हा एकदा मारून दाखवतात.