आंबोलीच्या पावसासाठी तीस लिटरची वॉटरप्रूफ सॅक

पावसाळी सहलीचे सामान वाढते ते मुख्यतः भिजण्याच्या धास्तीने. नेलेल्यातले निम्मे ओले होणारच असे गृहीत धरून आपण प्रत्येक कपडा दुहेरी घेतो, आणि मग ते ओझेच पावसात सांभाळत बसतो. ही धास्ती कमी व्हावी म्हणून मी तीस लिटरची रोल-टॉप, म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायची, वॉटरप्रूफ सॅक घेतली आणि भर पावसाळ्यात रत्नागिरीहून आंबोलीला जाताना ती वापरली.

सॅकचे कापड पीव्हीसीचा लेप दिलेले असून तिचे जोड शिवलेले नाहीत, तर उष्णतेने सांधलेले आहेत. त्यामुळे सुईच्या छिद्रांतून पाणी झिरपण्याचा प्रश्नच उरत नाही. तोंडाला चेन नाही. कडा जुळवून किमान तीन वेढे घट्ट गुंडाळायचे आणि दोन्ही टोके बकलमध्ये अडकवायची. साध्या सॅकवर चढवलेले रेनकव्हर बाहेरची बाजू तेवढी झाकते. मानेवरून आणि खांद्यांवरून पाठीकडे ओघळणारे पाणी पट्ट्यांच्या शिवणीतून आत जातेच. आंबोलीजवळ कावळेसादला तर दरीतून चढणारा वारा धबधब्याचे पाणी उलटे वर फेकतो, तिथे रेनकव्हर फुगून निघू पाहते आणि छत्री उघडण्यात अर्थ नसतो. तिथेही या सॅकमधले कपडे पूर्ण कोरडे राहिले.

प्रवासातही लहान सॅकचा लाभ झाला. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या वेगळ्या, धिम्या वेळापत्रकाने धावतात, आणि सावंतवाडी रोड स्थानक शहराबाहेर मळगावात असल्यामुळे तिथून रिक्षा आणि मग एसटी अशी चढउतार भर पावसात करावी लागते. सॅक मांडीवर मावत असल्याने ती एसटीच्या ओल्या फळीवर ठेवावी लागली नाही.

मात्र खरी बचत सॅकपेक्षा कपड्यांच्या निवडीने होते, आणि त्याबद्दल मला थोडे आग्रहाने सांगायचे आहे. अंगावरचा एक जोड, रात्रीचा एक कोरडा जोड, बदलायचे आतले कपडे, पातळ लोकरी स्वेटर, रेनकोट आणि पंचा एवढे सामान मला पुरले. सुती कपडा, विशेषतः जीन्स, पाणी धरून ठेवतो, आणि सुमारे सातशे मीटर उंचीवरच्या आंबोलीत ऊन नसताना, ढग खोलीत शिरत असताना तो दोन दिवसही वाळत नाही. पॉलिस्टरचा धागा पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून असा शर्ट नीट पिळून पंख्याखाली टाकला की सकाळपर्यंत घालण्याजोगा होतो. लोकर किंचित ओलसर झाली तरी ऊब देते, त्यामुळे संध्याकाळच्या गारठ्याला एक स्वेटर पुरतो. पंचा सुती असला तरी विरळ विणीचा असल्यामुळे जाड टर्किश टॉवेलच्या कितीतरी आधी वाळतो आणि जागाही मूठभरच घेतो. रात्रीचा जोड घालून बाहेर पाऊल टाकायचे नाही आणि सकाळी निग्रहाने कालचाच ओलसर शर्ट चढवायचा, एवढे पथ्य पाळले तर तिसरा जोड लागत नाही.

सॅकचे दोष त्रासदायक आहेत. जी बाहेरचे पाणी आत येऊ देत नाही, ती आतली दमट हवाही बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे एक ओला मोजा आत राहिला तरी सगळे कपडे सादळतात आणि कुबट वास धरतात. ओल्या कपड्यांसाठी वेगळी, घट्ट बंद होणारी पिशवी न्यावीच लागते, आणि ती सॅकसोबत मिळत नाही. बाहेर एकही कप्पा नसल्यामुळे तिकीट काढायलासुद्धा सगळे वेढे उलगडावे लागतात, तेही पावसात. पाठीला जाळीदार अस्तर नाही, म्हणून किनारपट्टीच्या दमट हवेत पाठ घामाने निथळते. घाट चढून गेल्यावर हा त्रास कमी होतो. लॅपटॉप नेणाऱ्यांनी किंवा लहान मुलांसह जाणाऱ्यांनी ही सॅक घेऊ नये, कारण सतत उघडझाप करावी लागली की तिचा मूळ उपयोगच संपतो. एकट्याने दोन-तीन रात्रींसाठी जाणाऱ्याला मात्र मी ती निःशंकपणे सुचवीन.

विकत घेताना दुकानातच सॅकमध्ये हवा भरून तोंड गुंडाळावे आणि वरून दाबून पाहावे. कुठे फुस्स आवाज आला तर तो जोड कच्चा आहे असे समजावे. परतल्यावर ती गोड्या पाण्याने धुऊन, उलटी करून सावलीत वाळवावी आणि तोंड न गुंडाळता ठेवावी, कारण घडी कायम एकाच जागी पडत राहिली तर लेपाला तिथेच चिरा जातात.