फुकट ऑनलाइन युनिव्हर्सिटी कोर्स: ओसीडब्ल्यू, कोर्सेरा, एडएक्स, सीएस५० की ओपनलर्न?

मोठ्या युनिव्हर्सिटीचा कोर्स फुकट आहे म्हणून लोक धडाधड नाव नोंदवतात आणि मग दुसऱ्या आठवड्यात कळतं की व्हिडिओ दिसतायत पण असाइनमेंटला कुलूप आहे, किंवा मग सगळं उघडं आहे पण आपलं उत्तर बरोबर की चूक ते सांगायला कोणीच नाही. म्हणून कोणी मला विचारलं की कुठला घेऊ, तर मी आधी एवढंच विचारते की तुला शिकवणारं हवंय, तपासणारं हवंय की सर्टिफिकेट हवंय? कारण प्रत्येक साइटवर यातलं वेगळं काहीतरी फुकट असतं. माझं मत स्पष्ट आहे, जिथे तपासणं फुकट आहे तिथे आधी जा. चांगली लेक्चर्स आता कुठेही सापडतात, पण तुम्ही लिहिलेला कोड किंवा सोडवलेलं गणित बघून "हे चुकलंय" असं सांगणारं फुकटात फार कमी ठिकाणी मिळतं.

सगळ्यात मोकळं म्हणाल तर अमेरिकेतल्या एमआयटी युनिव्हर्सिटीचं ओपनकोर्सवेअर, सगळे ओसीडब्ल्यू म्हणतात ते. २००१ मध्ये एमआयटीने जाहीर केलं की आपल्या कोर्सेसचं साहित्य जगाला फुकट द्यायचं, आज तिथे २,५०० पेक्षा जास्त कोर्स आहेत, अकाउंट लागत नाही, तारखा नाहीत, डाउनलोड करून ठेवा, दुसऱ्याला द्या, फक्त त्यावर धंदा करायचा नाही. गिल्बर्ट स्ट्रँग यांचा लिनिअर अल्जेब्रा, म्हणजे तिथला कोर्स नंबर १८.०६, हा तिथला सगळ्यात लाडका कोर्स आणि तो उगाच नाही. पहिल्याच लेक्चरला ते दोन साधी समीकरणं घेतात, दोन एक्स वजा वाय बरोबर शून्य आणि उणे एक्स अधिक दोन वाय बरोबर तीन, आधी दोन रेषा काढून त्या (१, २) ला छेदतात हे दाखवतात, हे तर आपण शाळेत केलेलंच असतं, पण मग तीच समीकरणं ते उभी वाचायला लावतात की (२, -१) हा कॉलम एकदा घ्या, (-१, २) हा दोनदा घ्या, बेरीज आली (०, ३). बास, तिथून पुढचा सगळा विषय वेगळाच दिसायला लागतो. प्रॉब्लेम सेट आहेत, उत्तरं आहेत, जुने पेपरही आहेत.

पण तपासणारं कोणी नाही आणि सर्टिफिकेटही नाही. शिवाय ओसीडब्ल्यूवरच्या सगळ्याच कोर्सला व्हिडिओ नसतात हे आधी बघून घ्या, काहींमध्ये नुसता सिलॅबस आणि वाचायची यादी एवढंच असतं आणि ती यादी घेऊन एकटं बसणं नवीन माणसाला जड जातं. एमआयटीचीच ओपन लर्निंग लायब्ररी म्हणून एक वेगळी साइट आहे, तिथे कोर्स कमी आहेत पण उत्तर टाकलं की लगेच बरोबर-चूक कळतं आणि तेही फुकट, ती फार लोकांना माहीतच नसते.

आता कोर्सेरा आणि एडएक्स, म्हणजे अनेक युनिव्हर्सिटींचे कोर्स एका जागी देणाऱ्या साइट, बहुतेकांची गाडी या दोघांतच अडकलेली असते. २०११ मध्ये स्टॅनफर्डने आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा एक कोर्स सगळ्यांना ऑनलाइन खुला केला आणि जवळपास १,६०,००० लोकांनी नाव नोंदवलं, त्यानंतर २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्याच अँड्र्यू इंग आणि डॅफ्नी कोलर यांनी कोर्सेरा काढली आणि त्याच वर्षी एमआयटी-हार्वर्डने मिळून एडएक्स. एडएक्स तेव्हा ना-नफा होती, २०२१ मध्ये ती ८० कोटी डॉलरला टूयू नावाच्या कंपनीला विकली. हे सांगायचं कारण असं की दोन्हीकडे सुरुवातीला जेवढं मोकळं होतं तेवढं आता राहिलेलं नाही, त्यामुळे जुन्या लेखांमध्ये "सगळं फुकट" असं वाचून जाऊ नका.

एडएक्सवर ऑडिट, म्हणजे पैसे न भरता नुसता कोर्स बघायचा पर्याय, घेतलं तर व्हिडिओ आणि वाचायचं साहित्य मिळतं पण ठराविक मुदतीपुरतंच आणि ज्याला मार्क आहेत त्या असाइनमेंट बहुतेक कोर्समध्ये बंद असतात. कोर्सेरावर बऱ्याच कोर्सचं आता पहिलं मॉड्यूलच फुकट बघता येतं, पुढचं पैसे भरल्यावर. मात्र कोर्सेराची फायनान्शियल एडची, म्हणजे फीसाठी मदतीची सोय आहे, अर्ज करायचा, परवडत नाही का आणि कोर्स कशासाठी हवाय ते नीट लिहायचं, थोडे दिवस थांबायचं, आणि मंजूर झालं की असाइनमेंट आणि सर्टिफिकेट दोन्ही खुलं होतं. खरंच अडचण असेल तर हा अर्ज करायला अजिबात लाजू नका, ती सोय त्यासाठीच ठेवलेली आहे. तर नुसतं ऐकायचं असेल आणि पटापट संपवायचं असेल तर एडएक्स चालेल, सर्टिफिकेट हवं असेल आणि अर्ज करायची तयारी असेल तर कोर्सेरा.

प्रोग्रॅमिंग शिकायचंय त्यांनी मात्र या दोघांच्या नादी न लागता सरळ सीएस५० घ्यावा. गंमत अशी की हा हार्वर्डचा कोर्स एडएक्सवरही आहे आणि तिथलं व्हेरिफाइड सर्टिफिकेट विकत घ्यावं लागतं, पण तोच कोर्स हार्वर्डच्या सीएस५०च्या साइटवरून केला, सगळे प्रॉब्लेम सेट आणि फायनल प्रोजेक्ट जमा केले, मार्क पुरेसे पडले की सीएस५०चं सर्टिफिकेट फुकट मिळतं. आणि तपासणं पूर्ण फुकट. पहिल्या आठवड्यात स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचा, मग एकदम सी भाषा, त्यात हॅशच्या चिन्हांचा मारिओसारखा पिरॅमिड काढायला सांगतात, दिसायला अगदी किरकोळ, पण एक स्पेस जास्त पडली तरी चेक५०, म्हणजे त्यांचा आपोआप तपासणारा प्रोग्रॅम, लाल रंगात रडका चेहरा दाखवतं आणि तुमचं काय आलं, अपेक्षित काय होतं ते शेजारी-शेजारी मांडतं. ते हिरवं होईपर्यंत माणूस उठत नाही, आणि खरं शिकणं तिथेच होतं असं मला मनापासून वाटतं. अवघड आहे हे खरं, आठवड्याचे चांगले दहा-पंधरा तास जातात.

ज्यांना व्हिडिओपेक्षा वाचून जास्त कळतं त्यांच्यासाठी हेलसिंकी युनिव्हर्सिटीचा पायथनचा कोर्स सीएस५०पेक्षा बरा. एक छोटा मुद्दा वाचा, लगेच त्यावर एक्सरसाइज सोडवा, ती आपोआप तपासली जाते, परत पुढचा मुद्दा, अशी रचना आहे आणि नेट स्लो असलं तरी काही अडत नाही. कोडिंग नकोच आणि एआय म्हणजे काय एवढंच समजून घ्यायचंय तर त्यांचाच एलिमेंट्स ऑफ एआय आहे, २०१८ पासून, सर्टिफिकेटसुद्धा फुकट.

इतिहास, साहित्य, मानसशास्त्र वगैरेसाठी येल की ओपनलर्न असा प्रश्न येतो. ओपन येल कोर्सेस २००७ पासून आहे, जेमतेम चाळीसेक कोर्स, पण वर्गातलं अख्खं सेमिस्टर जसंच्या तसं रेकॉर्ड केलेलं. शेली केगन टेबलावर मांडी घालून मृत्यूवर तत्त्वज्ञान शिकवतात ते ऐकताना तास कसा जातो कळत नाही. पण तिथे तुम्ही श्रोते, एवढंच. ओपनलर्न ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचं, ती १९६९ पासून घरी बसून शिकणाऱ्यांसाठीच अभ्यास लिहीत आलीय, त्यामुळे मधेमधे थांबवून प्रश्न विचारणं, आपलं उत्तर लिहायला लावणं हे त्यांच्या साहित्यात मुरलेलं आहे. काही तासांत संपणारे छोटे कोर्सही भरपूर, आणि सहभागाचं सर्टिफिकेट फुकट. अभ्यासाची सवय सुटली असेल तर येलची व्याख्यानं बाजूला ठेवा, ओपनलर्नपासून सुरू करा.

२०१९ मध्ये सायन्स नियतकालिकात एमआयटी-हार्वर्डच्या एडएक्सवरच्या कोर्सेसचा अभ्यास आला होता, २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी साधारण ३ टक्केच शेवटपर्यंत पोचले, व्हेरिफाइड सर्टिफिकेटसाठी पैसे भरलेल्यांमध्ये मात्र ४६ टक्के. यावरून पैसे भरले की कोर्स पूर्ण होतो असं काही जण सांगतात, मला ते पटत नाही, जो आधीच ठरवून आलाय तोच पैसे भरतो ना. त्यापेक्षा दर आठवड्याला काहीतरी जमा करायला लावणारा कोर्स घ्या आणि एका वेळी एकच घ्या.

आणि डिग्रीच हवी असेल तर वरचं काहीच कामाचं नाही, तिथे युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल बघा, २००९ पासून आहे, शिकवण्याची फी घेत नाही, पण अर्जाचे आणि प्रत्येक कोर्सच्या मूल्यमापनाचे पैसे लागतात, त्यामुळे पूर्ण डिग्रीचा एकूण आकडा काढा आणि ती डिग्री तुम्हाला जिथे दाखवायचीय तिथे चालते का ते नाव नोंदवायच्या आधी लेखी विचारून घ्या.