'हेल इज अ सिटी' (१९६०) : मँचेस्टरच्या छपरांवरचा पाठलाग

भयपटांसाठी नावाजलेल्या हॅमर या ब्रिटिश चित्रपटसंस्थेने १९६० साली प्रदर्शित केलेला 'हेल इज अ सिटी' हा गुन्हेपट लंडनमध्ये घडत नाही, आणि त्याचे निम्मे यश त्यातच आहे. दिग्दर्शक व्हॅल गेस्ट यांनी कॅमेरा थेट मँचेस्टरच्या रस्त्यांवर नेला असून छायाचित्रकार आर्थर ग्रँट यांनी कृष्णधवल रुंदपडद्यावर ते शहर, त्यातील दारूचे गुत्ते, काजळलेल्या इमारती आणि शहराबाहेरचे उघडे माळ अशा नजरेने टिपले आहेत की, गुन्हेगार नेमका येथेच का परत येतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

तुरुंगातून पळालेला डॉन स्टार्लिंग लपवून ठेवलेल्या दागिन्यांसाठी शहरात परततो, हे इन्स्पेक्टर हॅरी मार्टिनो लगेच ओळखतो. दरम्यान स्टार्लिंगची टोळी एका बुकीची रोकड बँकेत नेणाऱ्या तरुण मुलीला लुटते आणि त्यात तिचा जीव जातो. त्या नोटांना लावलेला हिरवा रंग लुटारूंच्या बोटांना चिकटतो आणि पोलीस माणसांचे हात तपासत फिरू लागतात. हिरव्या रंगावर बेतलेला तपास कृष्णधवल चित्रपटात दाखवायचा, हे धाडसच म्हणावे लागेल; तरीही तो पटतो, कारण मूळ कादंबरीचे लेखक मॉरिस प्रॉक्टर स्वतः पूर्वी पोलीस दलात होते आणि तपासातील कंटाळवाणी, चिकाटीची कामे कथेतून गाळलेली नाहीत. माळरानावर पहारेकरी नेमून चालणारा नाणेफेकीचा जुगार आणि त्यावर पडणारा पोलिसांचा छापा हा माझ्या मते चित्रपटातील सर्वोत्तम प्रसंग आहे. शेवटचा छपरांवरचा पाठलाग अधिक प्रसिद्ध असला, तरी पहिला मान या छाप्याचाच.

स्टॅन्ली बेकर यांचा मार्टिनो थकलेला, तापट आणि कामाखेरीज कशातच न रमणारा आहे. त्याच्या रागाला बेकर कोठेही नाटकी होऊ देत नाहीत. बुकीच्या भूमिकेत डोनाल्ड प्लेझन्स यांनी कंजूषपणा आणि अगतिकता यांचे चमत्कारिक मिश्रण साधले आहे. त्याची पत्नी क्लोई साकारणाऱ्या बिली व्हाइटलॉ मात्र त्यांच्याही पुढे जातात, विशेषतः जुना प्रियकर स्टार्लिंग घरात शिरल्यावर भीती आणि ओढ यांत सापडलेल्या स्त्रीच्या प्रसंगांत.

उणिवा दोन आहेत. मार्टिनो आणि त्याची पत्नी यांची भांडणे त्याच त्या मुद्द्यांवर फिरत राहतात व तपासाचा वेग विनाकारण अडवतात. दुसरी उणीव अधिक बोचणारी आहे : स्टार्लिंगची भूमिका जॉन क्रॉफर्ड या अमेरिकी नटाला दिल्यामुळे, देहबोलीतून पुरेशी दहशत निर्माण करणारा हा गुंड बोलू लागला की मँचेस्टरचा वाटत नाही, आणि इतक्या अस्सल स्थानिक चित्रपटात हे खटकतेच.