रामबागेतल्या वकीलबाईंचा सल्ला: घटस्फोट आणि मुलाचा ताबा

वकिलांनी स्वतःची जाहिरात करू नये असा बार कौन्सिलचा नियम आहे. बाई तो कसोशीने पाळतात, म्हणून त्यांचं नाव इथे देत नाही. इंदूरच्या रामबागेत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस आहे. त्या फक्त कौटुंबिक प्रकरणं घेतात आणि आपण मराठी आहोत म्हटलं की मराठीतच बोलतात. भाचीला घेऊन मी गेले होते. मी बँकेत नोकरी केलेली बाई, कागद वाचल्याशिवाय सही करत नाही आणि कोणाला करूही देत नाही.

भाचीला माहेरी येऊन वर्ष उलटलं. सासर नागपूरचं. मुलगा पाच वर्षांचा व्हायच्या बेतात, आणि नातेवाइकांनी तिच्या मनात भरवलेलं की पाच पूर्ण झाली की मूल बापाचं. पोरीची झोप उडाली होती. बाईंनी आधी हीच भीती काढली. १९५६ च्या हिंदू अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) व पालकत्व कायद्यात म्हटलंय की पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईजवळ असावं. पाचव्या वाढदिवसाला ते आपोआप वडिलांकडे जातं असं त्यात कुठेच नाही. त्यापुढेही न्यायालय मुलाचं हितच बघतं: शाळा कुठे आहे, दुखलंखुपलं तर कोण करतं, ते कोणाजवळ रमतं. समजण्याइतकं मोठं असेल तर त्याचं म्हणणंही ऐकलं जातं. मूल इंदुरात राहतं, इथल्या शाळेत जातं, म्हणून ताब्याचा अर्जही इथेच. घटस्फोटासाठीही नागपूरच्या खेपा नकोत, कारण २००३ च्या दुरुस्तीपासून पत्नी स्वतः राहते त्या ठिकाणी अर्ज करू शकते. एवढं ऐकल्यावर भाचीने पहिल्यांदा प्यायला पाणी मागितलं.

याआधी आम्ही दुसऱ्या एका वकिलांना भेटलो होतो. हकीकत अर्धवट ऐकून ते म्हणाले, ‘चारशे अठ्ठ्याण्णव लावून टाकू, झक मारत येतील.’ म्हणजे सासरच्या छळाचं जुनं फौजदारी कलम, ४९८-अ. भाचीला मारहाण झालेली नाही, हुंडाही कोणी मागितलेला नाही. दोघांचं पटलं नाही, एवढंच. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या भाचीला म्हणाल्या, ‘जे घडलं नाही ते मी लिहिणार नाही. मुलाला पुढे वडिलांकडे जायचंच आहे ना ग?’ त्या एका वाक्यासाठी मी त्यांना मानते.

संमतीने वेगळं व्हायचं तर हिंदू विवाह कायद्याचं १३-ब कलम. किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं, अर्जानंतर सहा महिने थांबायचं, मग दोघांनी पुन्हा जबाब द्यायचा. हे सहा महिने न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकतं, असं २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. निकाल लागेपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतं, हेही बाईंनी लपवलं नाही.

खरा वेळ त्यांनी मुलाच्या कलमांवर घालवला. दिवाळीत तो कुठे, उन्हाळ्याच्या सुटीत किती दिवस नागपूरला, नेणार-आणणार कोण, व्हिडिओ कॉल कोणत्या वेळी, आजी-आजोबांना भेटायचं कसं, फी कोण भरणार. ‘जाऊ दे, काही नको मला त्यांच्याकडून,’ असं भाची म्हणाली तेव्हा बाईंनी तिला थांबवलं. स्वतःची पोटगी सोडायची तर सोड, पण मुलाचा खर्च हा मुलाचा हक्क आहे, तो सोडून द्यायचा अधिकार आईला नाही. ताब्याचा आदेश परिस्थिती बदलली तर पुढे बदलूनही मिळतो.

पोटगीबद्दल इंदूरकरांना काय सांगायचं? शाहबानोंचा खटला आपल्याच गावचा. इथल्या मॅजिस्ट्रेटने महिना २५ रुपये दिले, उच्च न्यायालयाने १७९ रुपये २० पैसे केले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते १९८५ मध्ये कायम ठेवले. तेव्हाचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं कलम १२५ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालंय. आता दोघांनाही मिळकत आणि खर्चाचं शपथपत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. हा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल.

आता खटकलेलं. फोनवर फी सांगत नाहीत. गेल्यावर १५०० रुपये कळले. पावती मात्र न मागता मिळाली. बाहेर बसलेल्यांना आतलं बोलणं ऐकू येतं, आणि अशा ठिकाणी हे अजिबात चालणार नाही. आमच्या आधीच्या बाईचं रडणं आम्ही सगळ्यांनी ऐकलं. लिफ्ट नाही. मसुदा हिंदीत आला, तोही संध्याकाळी, सकाळी सही हवी म्हणून. मी दोन दिवस मागून घेतले आणि त्यांनी ते दिले.

पाचपैकी चार. ज्यांना फी झेपणार नाही त्यांनी थांबू नये: १९८७ च्या कायद्याने कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करा. बाईंनीच हे आम्हाला सांगितलं, फी घेण्याआधी.

जाताना लग्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, शाळेच्या पावत्या, पगाराच्या स्लिपा आणि बँकेचे उतारे न्या. मुलाला घरीच ठेवा.