तांदळाचा डीडीजीएस गाई, म्हशी आणि कोंबड्यांना घातला, त्याचा अनुभव

सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यात आमचा छोटा गोठा आहे, एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाई, दोन पंढरपुरी म्हशी, शिवाय आईच्या गावरान कोंबड्या. दिवाळीपासून डीडीजीएस, म्हणजे धान्यापासून इथेनॉल काढल्यावर उरलेला वाळवलेला चोथा, चालूय, आता पाऊस लागलाय, म्हणजे थंडी ऊन पाऊस तिन्हीत वापरून झाला म्हणून लिहितोय.

आधी एक क्लिअर करतो. जिल्ह्यात एवढे साखर कारखाने, मग माल त्यांच्याच डिस्टिलरीतून येत असेल असं लय जण समजतात. तसं नाही. मळीपासून किंवा उसाच्या रसापासून इथेनॉल केलं की मागं स्पेंटवॉश, म्हणजे डिस्टिलरीचं सांडपाणी, राहतं, ते काय पोत्यात भरून विकायचा माल नाही. हा माल धान्यावर चालणाऱ्या प्लांटचा. तुकडा तांदूळ नाहीतर मका आंबवतात, स्टार्चचं इथेनॉल होतं, आणि उरलेलं प्रोटीन, फॅट, तंतू वाळवून पोत्यात. डिसेंबर २०२३ ला सरकारनं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली, मक्याचं इथेनॉल वाढलं, त्यानंतर पेंडीच्या दुकानात डीडीजीएसची थप्पी जास्तच दिसायला लागली.

तांदळाच्या मालात प्रोटीन ४५ टक्क्यांच्या आसपास, मक्याच्यात २६ ते ३०. दुकानदार हा एकच आकडा सांगून विकतो. पण लॅबमध्ये प्रोटीन म्हणजे नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ नं गुणतात, त्यामुळं कुणी युरिया मारला तरी रिपोर्टवर प्रोटीन झकास दिसतं. म्हणून मी रिपोर्ट बघतो पण भरवसा हातावर आणि नाकावर ठेवतो. पोतं उसवायचं, कोपरापर्यंत हात घालायचा, मधला माल मुठीत दाबायचा. मूठ उघडल्यावर भुरभुर सांडला तर घ्यायचा, लाडू झाला तर परत. वास ताज्या आंबिलीसारखा हलका आंबट पाहिजे. काळपट, करपलेल्या वासाचा असेल तर ड्रायरमध्ये जास्त तापलाय, त्यातलं लायसिन (प्रोटीनमधला एक गरजेचा घटक) गेलेलं असतं, तसलं प्रोटीन कागदावरच.

जनावरांचं म्हणाल तर गाईंनी लगेच खाल्लं. म्हशींनी मात्र नखरे केले, कोरडं घातलं की फुसकन फुंकर मारायच्या, सगळी पावडर उडायची, मक्याचा भरडा तेवढा वेचून खायच्या आणि गव्हाणीच्या तळाला पिवळा थर तसाच. पाणी शिंपडून भरड्यात कालवल्यावर मिटलं. सुरुवात मूठभरानं करून हळूहळू वाढवलं, आता खुराकाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जात नाही. सरकी पेंड निम्मी कमी केली, पूर्ण बंद नाही केली. डीडीजीएस पाचव्या हिश्शापेक्षा जास्त घातलं तेव्हा शेण पातळ व्हायला लागलं.

दूध? लिटर तेवढंच राहिलं. फॅट वाढते म्हणून सांगतात, आमच्या डेअरीच्या स्लिपवर तरी फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) होतं तिथंच आहे. फायदा एवढाच की पेंडीचं बिल खाली आलं आणि दूध कमी झालं नाही, मला तेवढं बास. मिनरल मिक्श्चर मात्र सोडू नका, यात फॉस्फरस भरपूर पण कॅल्शियम अगदी कमी.

आता तक्रार. जूनमधला एक लॉट ओला आला, आतून गाठी आणि गाठीला हिरवट बुरशी. दुकानदार म्हणतो उन्हात टाका, निघून जातंय. अहो बुरशी उन्हानं मरेल, तिनं तयार केलेलं विष, अफ्लाटॉक्सिन, कुठं जाणार? स्टार्च निघून गेल्यामुळं मूळ धान्यात जे विष असेल ते मागं राहिलेल्या मालात जवळजवळ तिप्पट होतं, वरनं ही नवीन बुरशी. गाईनं खाल्लं की तेच दुधात उतरतं. सगळी पोती परत दिली, पैसे मिळायला मात्र बराच वाद घालावा लागला. तेव्हापासून पावसाळ्यात आठवड्यापुरताच माल आणतो आणि जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून लांब रचतो. प्लांटमधून न वाळवलेला ओला माल स्वस्त मिळतो, पण त्यात पाणीच दोन तृतीयांश, आणि आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात दोन दिवसात त्याचा वास सुटतो. प्लांटच्या शेजारी गोठा असेल त्यानंच घ्यावा.

कोंबड्यांचा हिशोब वेगळा. लायसिन कमी असल्यामुळं सोया पेंड बंद करता येत नाही, मोठ्यांना दहा टक्क्यांच्या आत, पिल्लांना अजिबात नाही. अंडी बरी चालू आहेत, शिंपल्याची भुकटी वेगळी ठेवतो. एक गोष्ट आईच्या लक्षात आली, खाद्यातला मका कमी करून तांदळाचा डीडीजीएस घातला तर बलक फिका पडतो. रंग मक्यातनं येतो, तांदळात तो नसतोच. सोलापुरातली गिऱ्हाईकं गावरान अंडं फोडून केशरी बलक बघणारी, लगेच विचारतात, ‘काकू, ही फार्मची तर नाहीत ना?’ म्हणून कोंबड्यांसाठी आता मक्याचाच माल बघतोय, मोहोळ किंवा बार्शी साइडला कुणाकडं सुका, गाठी नसलेला मिळत असेल तर सांगा, पोतं उसवून बघू देणारा दुकानदार पाहिजे.